वीस सेकंदांत उजळणी

शुक्रवारी शेवटच्या तासाला तेरा वर्षांच्या तीस मुलांची गणिताची उजळणी घ्यायची, म्हणजे आधीच डोक्याला ताप. त्यात आमच्या विभागप्रमुखांनी फर्मान काढलं, की उजळणी फळ्यावर नको, क्विझ खेळून घ्या. मुलं एंगेज होतात म्हणे. होतात ना! फक्त गणिताशी होत नाहीत.

इंग्लंडातल्या ब्रॅकनेलच्या या शाळेत येण्याआधी मी नागपुरात नऊ वर्षं शिकवलं. तिथे उजळणी म्हणजे मी उदाहरण घालायचं आणि पोरांनी वहीत सोडवायचं, एवढंच. इथे आधी टॅबलेट वाटायचे, त्यातले चार तरी चार्ज नसलेले निघायचे. मग प्रत्येकाने खेळासाठी टोपणनाव घ्यायचं. त्यात दहा मिनिटं जायची, कारण कोणी 'उकडलेला बटाटा' व्हायचा आणि कोणी असं काही, की ते मला घाईघाईने पडद्यावरून काढावं लागायचं. मग संगीत. ते एकदा सुरू झालं की घरी पोळ्या लाटतानाही माझ्या डोक्यात वाजत राहायचं. पडद्यावर प्रश्न, खाली चार रंगीत चौकोन, वीस सेकंद. जो आधी दाबेल त्याला जास्त गुण. दोन तृतीयांश भागिले चार नवमांश, एवढं वाचून होईपर्यंत अर्धा वर्ग लाल चौकोन दाबून मोकळा. लाल का? "लकी आहे, मिस." बरोबर आलं तरी किंचाळायचं, चुकलं तरी किंचाळायचं. नाकापेक्षा मोती जड, अशी ती उजळणी.

एवढी कुरकुर करणारी मी, पण क्विझचे निकाल मात्र बिनदिक्कत वापरले. इथे मुलांना गणिताच्या तयारीप्रमाणे वेगवेगळ्या सेटमध्ये बसवतात. सुट्टीनंतर कोणाला खालच्या सेटमध्ये पाठवायचं, ते चार क्विझच्या क्रमांकांवरून ठरवा, असं वरून आलं होतं. एक मुलगी दर वेळी शेवटच्या तिघांत. आईवडील पुण्याचे, ती जन्मापासून इथलीच. मी तिचं नाव यादीत टाकलं. चहाचा कप गार होण्याइतकाही वेळ लागला नाही. खालच्या सेटमधली मुलं पुढे बहुतेक परीक्षेचा सोपा पेपर देतात, आणि सोप्या पेपरला वरच्या ग्रेड मिळतच नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरीही टाकलं.

पालकभेटीच्या संध्याकाळी तिची आई आली. सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग करते. प्रत्येक पालकाला पाच मिनिटं.

"मॅडम, ही घरी येऊन म्हणते, मम्मी, आय ॲम थिक, म्हणजे मी ढ आहे. अहो, पण तिचं होमवर्क तर सगळं करेक्ट असतं ना?"

मी लॅपटॉपवर क्रमांकांची यादी दाखवली. तिने "सॉरी हं, सवय आहे," म्हणत लॅपटॉप स्वतःकडे वळवला आणि शेवटच्या क्विझच्या रिपोर्टचं दुसरं पान उघडलं. ते पान मी कधी उघडलंच नव्हतं. वीस प्रश्न. मुलीने उत्तरं दिली होती नऊ, आणि नऊच्या नऊ बरोबर. उरलेल्या अकरांपुढे 'वेळ संपला'.

"मॅडम, टेस्ट फेल झाली हे वेगळं आणि टेस्ट रनच झाली नाही हे वेगळं. आमच्याकडे असं मिक्स केलं तर मॅनेजर फाडून खाईल."

मग तिने पिशवीतून मुलीची वही काढली. क्विझचे प्रश्न, आणि प्रत्येकाखाली सगळ्या पायऱ्या. दुसरा अपूर्णांक उलटा केलेला, वरखाली नीट काट मारलेली. पायऱ्या नसतील तर मी उत्तराकडे बघणारसुद्धा नाही, असं मीच वर्गाला पहिल्या दिवशी ठणकावलं होतं. तिसांनी ऐकलं आणि एकीने पाळलं, आणि त्या एकीलाच मी खाली पाठवत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती वही घेऊन विभागप्रमुखांकडे गेले. त्यांनी ती उघडलीही नाही. वही म्हणजे डेटा नव्हे, म्हणाले. फार भांडले तेव्हा एवढंच पदरात पडलं, की येत्या शुक्रवारच्या क्विझमध्ये पोरगी पहिल्या दहांत आली तर नाव काढू. माझं डोकं असं फिरलं होतं, की जेवणाच्या सुट्टीत शाळेच्या ऑफिसातून मी तिच्या आईला फोन लावला.

"अहो, निगेटिव्ह मार्किंग नाहीये. तिला सांगा, एकही ब्लँक सोडू नको. येत नसेल तर सरळ ठोकून दे."

"अरे देवा, हे मी तिला आधीच कसं नाही सांगितलं!"

जास्त समजवावं लागलं नाही. आम्ही दोघी एंट्रन्स परीक्षा देत वाढलेल्या. शेवटच्या पाच मिनिटांत डोळे मिटून उत्तरपत्रिकेवरचे उरलेले गोल काळे करायचे, हे आमच्या हाडात मुरलेलं. फोन ठेवताना मला फार हुशारी केल्यासारखं वाटलं.

शुक्रवारी ती सहावी आली. मी तिथल्या तिथे रिपोर्टचं दुसरं पान उघडलं. विसांपैकी वीस उत्तरं दिलेली, त्यातली आठ चूक. चुकलेल्यांत अपूर्णांकांची सगळी, जी तिला मागच्या आठवड्यात चोख येत होती. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. पण यादीतून नाव निघालं.

घंटा झाल्यावर वर्ग रिकामा झाला, तशी ती माझ्या टेबलापाशी आली. चारचौघांत इंग्रजीच बोलते, माझ्याशी एकटी असली की मराठी.

"मिस, आता मला ट्रिक कळला. सगळं रीड करायचंच नाही. फक्त टॅप, टॅप, टॅप."

"आणि पायऱ्या?"

"त्याच्यात टाइम वेस्ट होतो ना, मिस." तिचा चेहरा इतका फुललेला मी आजवर पाहिला नव्हता. "मम्मी म्हणाली, आयडिया तुमची होती. थँक यू."

मी तिला 'वेल डन' म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?