आबांचा हौद निवळेना!

किस्से जमवावे लागत नाहीत हो. चार उतावळी माणसं एका पाण्याभोवती आणून बसवा, महिनाभरात पोतं भरतं! आमचं तसंच झालं. तापीकाठच्या प्रकाशा तीर्थाजवळच्या आमच्या गावात आबा पाटलांनी बंगल्यामागे पोहायचा हौद बांधला. मी त्यांच्या कापसाच्या जिनात कारकून. मॅट्रिकला सायन्स घेतलं होतं, एवढ्याच गुन्ह्यासाठी हौदाचं पाणी माझ्या गळ्यात पडलं.

हौद हौसेचा नव्हता. आबांची आठ वर्षांची सुमन मोठ्या तापातून उठली, ती पाय लुळे घेऊनच. सुरतेचा डॉक्टर म्हणाला, "रोज पाण्यात उतरवा. पाय हलले तर पाण्यातच हलतील. पण उशीर करू नका." तिची आई, म्हणजे आमच्या जिजी, एकच अट घालून बसल्या. "जवय तय दिखी, तवयच मन्ही पोर उतरी. तिना पाय माले वरथून दिखना पाहिजेत!"

विहिरीचं पाणी इंजिनाने ओढून हौद भरला, तर सगळा चहा! जिजींनी पायरीखाली, तळावर, पितळी तांब्या ठेवून दिला. तो दिसेपर्यंत पोर पाण्यात जाणार नव्हती.

*

मी तुरटी विरघळवून टाकली. तुरटीने पाणी आंबटतं म्हणून मागून थोडी चुन्याची निवळी. "आता हात लावायचा नाही," मी सगळ्यांना बजावलं, "गाळ आपोआप खाली बसतो."

सकाळी येऊन बघतो तर आबा काठावर बसून काठीने पाणी ढवळतायत!

"आबा, अहो हे काय?"

"अरे, तुरटी समदीकडे पोचनी का नही, ते देखी ऱ्हायनू!"

जिनातल्या सगळ्या माणसांना एका नजरेत गप्प बसवणारा माणूस, पण त्याला स्वतःला काही गप्प बसवेना. मी पुन्हा तुरटी भिजत घातली.

*

मग आबांच्या आत्या आल्या. नवं पाणी पूजेशिवाय वापरायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज. त्यांनी प्रकाशाच्या घाटावरून तापीचं पाणी कलशात आणलं, हौदात ओतलं, हळदकुंकू वाहिलं. तेवढं चाललं असतं. पण संध्याकाळपर्यंत गावातल्या झाडून साऱ्या बायका ओट्या भरायला आल्या! तळ राहिला बाजूला, पायरीसुद्धा पिवळ्या पाण्यात दिसेना.

मी कपाळाला हात लावला. आत्या म्हणाल्या, "पानीनी पूजा नही करी तं ते पोरले कसं पावी रे?"

मी हौद उपसला आणि परत भरला.

*

उन्हाने पाणी हिरवं पडलं. मोरचुदाची पुरचुंडी दोरीला बांधून हौदभर फिरवली, तेव्हा कुठे हिरवटपणा गेला. पुन्हा तुरटी, पुन्हा चुना. तांब्याचा काठ अंधुक दिसायला लागला, आणि वारा सुटला! शेजारच्या रानात मिरच्या वाळत घातल्या होत्या. बिया, टरफलं, धूळ, सगळं हौदात.

नवापूरकडचा धनजी माझ्या मदतीला होता. धोतर घेऊन तो तवंग गाळायला कंबरभर पाण्यात उतरला आणि दुसऱ्या क्षणी बोंबलत बाहेर! "भाऊ, हौदात रस्सा झाला!"

खाटेवरची सुमन खदखदून हसली. तापानंतर पहिल्यांदाच. जिजींनी पदर डोळ्याला लावला आणि लगेच माझ्यावर उखडल्या, "पन पानी कवय निवयी?"

*

शेवटी हौदाच्या आवाराला कुलूप घातलं. किल्ली जिजींकडे, कारण तळ दिसायला हवा होता तो त्यांनाच. पण त्यांच्या जिवाला कुठलं चैन! दर थोड्या वेळाने कुलूप काढायचं, वाकून बघायचं. अशाच एकदा वाकल्या आणि कमरेचा किल्ल्यांचा जुडगा डुबुक्!

धनजीने तळ चाचपून चाचपून जुडगा काढला. तोवर पाण्याचा परत चहा.

आबा म्हणाले, "इना हातमा किल्ली कोनी दिन्ही रे?"

दिली होती त्यांनीच. पण मालकाला कोण सांगणार?

*

मग मीच हट्टाला पेटलो. आबांना नंदुरबारच्या बाजारात पिटाळलं, धनजीला जिनात, आणि किल्ली माझ्या खिशात ठेवली. मीही काठापासून लांब बसून राहिलो. नुसतं बसणं इतकं अवघड असतं हे मला तेव्हा कळलं. एका सकाळी पाहतो तर तांब्या दिसतोय, त्याच्या पोटावरच्या पोच्यासकट!

आबांनी सुमनला काखांखाली धरून पायरीखाली उतरवलं. पाणी तिच्या छातीला लागत होतं. हलल्याने आलेल्या लाटा विरल्या. तळाशी दोन काटकुळे पाय स्वच्छ दिसत होते, जागच्या जागी. जिजी काठावर ओणव्या झालेल्या. मला त्या पायांकडे बघवेना, म्हणून मी शेजारच्या तांब्याकडे बघत राहिलो.

तांब्या हलला.

आधी जरासा. मग कलंडला आणि गडगडत फरशीवर गेला. सुमनचा डावा अंगठा तेवढा पुढे सरकला होता.

धप्पकन आवाज झाला. जिजी लुगड्यासकट हौदात! बसलेला सगळा गाळ उसळून वर आला. पोर दिसेना, पाय दिसेनात, तांब्या दिसेना.

"अवं, पानी गढूय व्हयनं ना!" आबा ओरडले.

पोरीला छातीशी घट्ट धरून जिजी म्हणाल्या, "व्हऊ द्या!"