चौथ्या खोलीची कडी

फुलं विकून विकून सरुबाईंनी नाशिकच्या सातपुरात सहा खोल्या बांधल्या आणि आम्हा पाळीवाल्या कामगारांना भाड्याने दिल्या. बाई फटकळ. रात्रपाळी करून झोपलेल्याच्या दाराशी कोणी हसलं तरी खरडपट्टी काढायच्या.

१९९८ साली त्यांनी चौथी खोली पुंजारामला दिली. तो कळवणकडचा, नऊ वर्षं मनोरुग्णालयात काढून आलेला. घरच्यांनी पाठ फिरवली होती. त्याला सांभाळणाऱ्या संस्थेच्या प्रतिभाताई खोलीसाठी वणवण फिरत होत्या.

सरुबाईंनी विचारलं, "खोली भेटली की तुम्ही गायब व्हनार का?"

"नाही. दर गुरुवारी येईन. डॉक्टर, औषधं माझ्याकडे."

"मंग सकाळचा चहा आन् गोळी माझ्याकडं."

पुंजारामने खोलीत पाहिलंसुद्धा नाही. दाराच्या बाहेरच्या कडीवर बोट ठेवून म्हणाला, "मावशी, ही काढता येईल? तिथं बाहेरूनच लावायचे."

त्याच दिवशी सुतार आला. बाहेरची कडी निघाली, आतून नवी लागली. मग तो बाहेर गेल्यावर कुलूप लावायला कडीच नाही. "मी हाय ना वट्यावर," म्हणत बाई रोज तिथेच हार ओवत बसू लागल्या. सगळ्यात जास्त बोंब मीच मारली होती. वेड्याच्या हातात कडी देतं का कोणी!

वर्षभराने एका सोमवारी दार उघडलंच नाही. त्याने गोळ्या गुपचूप टाकून दिल्या होत्या. खिडकीतून तो कोपऱ्यात बसलेला दिसत होता. मी पहार घेऊन आलो. दार फोडून त्याला परत पाठवायचं, एवढंच माझ्या डोक्यात.

बाई दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. "वाल्मीक, पहार लावशील तर पयली तुझी खोली खाली कर."

मग गोणपाट अंथरून दारातच हार ओवू लागल्या. गुरुवार नसताना प्रतिभाताई आल्या, डॉक्टरांशी बोलल्या आणि शेजारी बसल्या. खिडकीत भाकरी, चहा ठेवत होत्या. दोघी बंद दाराशी गप्पा मारत होत्या: झेंडूचा भाव, माझं घोरणं. दोन दिवस! मी थक्क होऊन बघत राहिलो. एवढा धीर माणसात असतो, हे मला ठाऊकच नव्हतं.

बुधवारी सकाळी कडी वाजली. पुंजाराम दारात उभा होता, हातात रिकामा पेला.

"मावशी, गोळी ऱ्हायली."

"थांब, चहा गरम करते," बाई म्हणाल्या आणि उठताना पदराने डोळे पुसले. मला माझी लाज वाटली.

२००६ मध्ये सरुबाई गेल्या. प्रतिभाताई गुरुवारी येतातच. चौथ्या खोलीला अजून बाहेरून कडी नाही. पुंजाराम सकाळी चहाला माझ्याकडे येतो, आणि तो बाहेर गेला की ओट्यावर मी बसतो.