सावडीचं घर

आमच्या घराण्याचं नाव अंबड तालुक्यात मोठं होतं. वडील, आमचे दादा, गावचे पाटील. तहसिलीत गेले की त्यांना बसायला खुर्ची मिळायची, आणि त्या खुर्चीच्या धाकात आम्ही सगळे वाढलो. बाजारात उभ्यानं काही खायचं नाही, मोठ्यानं हसायचं नाही. "लोक बघून राह्यले," एवढंच ते म्हणायचे. थोरला भाऊ त्या शिस्तीत छान बसला. मी धाकटा. लोकांनी बघू नये असं आपल्यात काहीतरी आहे, हे मला मिसरूड फुटायच्या वयातच कळलं होतं. बरोबरीची पोरं बायकांच्या गोष्टी करायची, तेव्हा माझं लक्ष गोष्टीकडं नसायचं, गोष्ट सांगणाऱ्याकडं असायचं. याला आमच्याकडं नाव नव्हतं. जी नावं होती ती शिव्यांची.

तो मला अंबडच्या बैलबाजारात भेटला. आमचा एक बैल दगावला होता, मला एकच हवा होता. ओढ्यापलीकडच्या गावचा हा शेतकरी, त्यालाही एकच हवा होता. दोघांच्या मनात भरली ती एकच जोडी. विकणारा म्हणाला, "जोडी फोडणार न्हाई. घ्यायची तर दोन्ही घ्या." तो शेतकरी माझ्याकडं बघून हसला. जोडी आम्ही मिळून घेतली आणि सावड सुरू झाली. कधी बैल त्याच्या रानात, कधी आमच्या, आणि बैलांमागं आम्ही दोघं. त्याची बायको तापानं गेलेली. घरात तो आणि त्याची आई.

सावडीचे सोबती रोज भेटतात, त्यात कुणाला काही वावगं दिसत नाही. एका दुपारी लिंबाखाली भाकरी खाऊन झाल्यावर त्यानं माझा हात हातात घेतला आणि सोडला नाही. मीही सोडवून घेतला नाही. त्या दिवशी मी गावातून ताठ मानेनं चालत घरी गेलो. लाज वाटायला हवी होती, ती आलीच नाही.

स्थळं येत होती, मी टाळत होतो. शेवटी वाटूरकडच्या एका तालेवार घरी वडिलांनी मला न विचारता शब्द दिला. सुपारी फुटली. मुलगी मी एकदाच पाहिली. पान-सुपारीचं तबक माझ्यापुढं ठेवून ती आत गेली.

मी त्याला सांगितलं. तो औत थांबवून म्हणाला, "तुला करायचं तर कर, मी आडवा येणार न्हाई. माझं एकदा झालंय. लई चांगली बाई होती. एकटी बसून रडायची, आपलंच काही चुकतं म्हणायची. मला ठाव होतं, तिचं काहीच चुकत न्हाई." एवढं बोलून त्यानं बैल हाकले.

दुसऱ्या दिवशी घोडी काढली आणि एकटाच मुलीच्या गावी गेलो. तिचे वडील ओट्यावर बसलेले होते.

"या जावईबापू, असे अचानक?"

"मामा, मला जावई म्हणू नका. हे लग्न होऊ देऊ नका. तुमच्या मुलीत काही कमी न्हाई. माझ्याकडून तिला नवऱ्याचं सुख मिळणार न्हाई."

"काही दुखणं हाय का?"

"न्हाई."

"मंग दुसरी बाई?"

"बिलकुल न्हाई."

ते काय समजले, मला ठाऊक नाही. मग हळू आवाजात म्हणाले, "सुपारी फुटून मोडलं, तर नावं माझ्या लेकीला ठेवतील."

"म्हणून तुम्ही मोडा. पोरगा पसंत पडला न्हाई म्हणा, उर्मट निघाला म्हणा. आमच्याकडून कुणी उलटून बोलणार न्हाई, ही माझी जबान."

"तुमच्या वडिलांना सोसंल का हे?"

"त्यांचं मी बघतो."

ताक पाजल्याशिवाय त्यांनी मला जाऊ दिलं नाही.

पाटलाच्या घराला मुलीकडून नकार आला, ही बातमी तालुकाभर झाली. वडील तहसिलीत जायचे बंद झाले. मी खळ्यावर जाऊन त्यांना खरं सांगितलं.

"तू मोडलंस? कशापायी?"

"मला बायको नको, दादा."

"त्या सावडीवाल्यापायी?"

मी मान खाली घातली नाही. "हो."

त्यांच्या हातातली काठी वर गेली आणि तशीच खाली आली. "मी लोकांना काय सांगू?"

"सांगायचं ते सांगा. पण दुसऱ्याच्या लेकीचा जन्म जाळून आपलं नाव राखणार न्हाई मी."

जन्मात मी फार बोललो नाही. पण हे वाक्य बोललो, याचा मला आजही अभिमान आहे.

पोरानं ब्रह्मचर्य घेतलं, असं त्यांनी गावात सांगितलं. लोकांना पटावं म्हणून गळ्यात माळ घालायला सांगितली. ती मी घातली नाही. देवाला कशाला खोट्यात ओढायचं? ओढ्याकाठचं मुरमाड रान माझ्या वाट्याला आलं. तिथं आम्ही दोघांनी मातीचं घर बांधलं. त्याची आई गावातली चूल मोडून आमच्याकडं आली. पाणवठ्यावर बायका विचारायच्या, परका माणूस घरात कसा? ती म्हणायची, "परका कोण? माझे लेक दोन हायत." तिनं आम्हाला कधीच काही विचारलं नाही. एका ताटलीत चटणी वाढायची आणि म्हणायची, "भांडू नका."

निजामाच्या राज्याच्या शेवटच्या साली गावंच्या गावं धास्तावून रानात पांगली. आमचं रान सडकेपासून लांब. एका सकाळी बैलगाड्या आल्या. वडील, भाऊ, वहिनी, पोरं, सगळी. भावानं माझ्या नजरेला नजर दिली नाही. माझ्या सोबत्यानं मात्र आपली बाज वडिलांना दिली, पाणी भरलं, पोरांना आंघोळी घातल्या. वडील त्याच्या हातचं खायचे, पण त्याच्याशी बोलत नसत.

मग आमच्या भावकीतले एक वजनदार गृहस्थ आसऱ्याला आले. सगळे जेवायला बसलो होतो, तो वाढत होता. गृहस्थ म्हणाले, "पाटील, गडी चांगला ठेवलाय पोरानं. कुठला हाय?"

भावाचा घास हातातच राहिला. वडिलांनी पाण्याचा घोट घेतला.

"गडी न्हाई तो. आमच्या घरचा हाय."

गृहस्थ काही विचारणार होते, पण वडील त्याच्याकडं वळले होते. "सगळ्यांना वाढून राह्यलास. तू जेवलास का? बस इथं."

आणि त्यांनी स्वतः सरकून आपल्याशेजारी जागा केली.