खळ न काढलेला पट्टा

सन एकोणीसशे एकतीस. मला तेव्हा चोवीस सरली होती. बापानं मेंढरं विकून मला तीन पायडलांची जुनी मोटार घेऊन दिली होती आणि सोलापुरात ती दुरुस्त करणारा माझ्या लेखी एकच माणूस होता, पट्टा मिस्त्री. मोटार दारात उभी राहिली की तो आधी तिच्याकडं बघायचाच नाही. खाली सरपटत जायचा, गिअरच्या पेटीचं तेल तळहातावर घ्यायचा, दोन बोटांनी चोळायचा आणि हुंगायचा. तेलात सुताचा कीस निघाला की पट्टा झिजला. जळका वास आला की ड्रायव्हर गाढव.

"पायडल म्हंजे काय चावडीचा उंबरा हाय, पाय ठेवून बसायला?" हे माझं पहिलं स्वागत.

मी दुसरीतनं शाळा सोडलेला, पण ऐकून घेणारा नव्हतो. म्हटलं, "तुमच्या विणायच्या मागालाबी दोन पायडलं असतात की. त्यावर पाय ठेवून तुमी बसतच असता."

"धनगरा, मेंढरंच बरी होती तुला. त्यांना पट्टा लागत न्हाय." असं म्हणून हसला आणि चहा सांगितला.

ज्यांनी तसली मोटार पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. आत तीन लोखंडी कडी असायची, प्रत्येकाला आतून सुती पट्टा रिबिटांनी ठोकलेला. डावं पायडल दाबलं की कडं आवळायचं आणि मोटार चढ चढायची. पट्टा झिजला की इंजिन नुसतं बोंबलायचं, मोटार जागची हलायची नाही. मिस्त्री जातीचा विणकर, तेलुगू बोलणारा. मुंबईचा तयार पट्टा त्यानं कधी घेतला नाही. घरच्या मागावर स्वतः विणायचा, दुहेरी सुताचा, घट्ट. "तुमी मुंबईला कापड विकत घ्यायला जाता व्हय सोलापुरातनं?" म्हणायचा.

पण विणला की लगेच बसवायचा नाही. मागावर सूत तुटू नये म्हणून विणकर त्याला खळ देतात, ती आधी सोड्याच्या पाण्यात उकळून काढायची. मग वाळवायचा. मग रात्रभर तेलात. एखादं घाईचं गिऱ्हाईक कुरकुरलं तर म्हणायचा, "खळ खाल्लेला पट्टा तेल पीत न्हाय. भरल्या पोटी कोण पितं? कोरडाच जळून जाईल." मोटार घेऊन जा म्हणायचा, पण खळीचा पट्टा बसवायचा नाही.

त्याची एकुलती एक लेक टेंभुर्णीला दिली होती. जावई बाजारात लुगडी विकायचा. एके दिवशी सकाळी तिकडनं आलेल्या एका व्यापाऱ्यानं निरोप आणला, पोरगी कालपासून अडलीय, सुईणीनं हात टेकले, सोलापूरच्या दवाखान्यात आणायला पाहिजे. माझी मोटार मिस्त्रीच्या दारात उघडी पडलेली, जुना पट्टा रिबिटांपर्यंत झिजलेला. मी दुसऱ्या दोन मोटारवाल्यांकडं पळालो. एक गावात नव्हता. दुसरा म्हणाला, अडलेली बाई गादीवर नको.

परत आलो तर मिस्त्रीनं मागावरची पट्टी कापून घेतली होती. पांढरी, कडक, खळीनं कुरकुरणारी.

"मिस्त्री, खळ?"

"मला शिकवतोस व्हय? धर हितं."

दुपारच्या आत पट्टा ठोकला. जाताना टेंभुर्णीच्या अलीकडं एक खोल ओढा लागतो, पूल नव्हता. त्याचा चढ चढताना मला जळका वास आला. मी मिस्त्रीकडं बघितलं. त्यानं नाक दुसरीकडं वळवलं.

ऊन कलत होतं तेव्हा पोरीला घेऊन परत निघालो. जावई माझ्याशेजारी, मागं बापाच्या मांडीवर तिचं डोकं. ओढ्यात उतरलो. डावं पायडल तळाला गेलं आणि इंजिन रिकामंच ओरडायला लागलं. वाळूत उभे.

"नायना," पोरीनं बापाला विचारलं, "गाडी का थांबली?"

"चढ हाय, बिड्डा. दम घेते."

उलट जायचं पायडल वेगळं, त्याचा पट्टा जुना पण शाबूत होता. जावयानं आणि मी मोटार ढकलून तोंड टेंभुर्णीकडं केलं आणि मागं मान वळवून सोलापूरकडचा चढ उलटीच चढवायला लागलो. तिच्या डोळ्यांसमोर तिचं गाव हळूहळू लांब जात होतं. मिस्त्री तेलुगूत काहीतरी बोलत होता, लहान मुलाशी बोलावं तसं. चढ संपला तसा त्याचा आवाज थांबला.

मी मोटार पुन्हा सोलापूरकडं वळवायला उतरलो, तर म्हणाला, "आता फिरवू नको. तोंड तिच्या घराकडंच हाय."

मी उतारानं मोटार पुन्हा ओढ्यात घातली. तोंड न फिरवता पुढचा चढ मोटार चढणार नव्हती. तिथनं पोरीला खाटेवर घालून गावात नेलं. पोटातलं पोरही तिच्यासंगं गेलं.

"माझ्या पट्ट्यानं मारली," मिस्त्री जावयाला म्हणाला. मी म्हटलं, ती कालपासूनच अडली होती, पट्टा चांगला असता तरी काय सांगावं. आजही मी तेच म्हणतो. तो मात्र पुढं कुणाच्या मोटारीखाली गेला नाही. बरीच वर्षं जगला, मागावर लुगडी विणत बसला. मी दारात गेलो की बसायला सांगायचा, पण मोटारीचं नाव काढलं की उठून आत जायचा. माझ्या लेखी सोलापुरात त्याच्यासारखा पट्टा कुणी बसवला नाही, आणि हे त्याला ऐकवायची संधी त्यानं मला दिली नाही.

त्या रात्री मोटार ओढ्यातच राहिली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकाची बैलजोडी मागून आणली आणि मोटार वर काढली. सवयीनं हँडल मारलं. पहिल्याच झटक्याला इंजिन चालू झालं, गोड, एकसारखं. मी ते बंद केलं आणि बैलांच्या मागं चालायला लागलो.