हळद लाल झाली तेव्हा

शाळेत माझा आवडता धडा आम्ल-आम्लारींचा. आमच्या अंबरनाथच्या शाळेत प्रयोगशाळेचं उद्‌घाटन तीनदा झालं, तीन निरनिराळ्या पाहुण्यांच्या हस्ते. लिटमसचा कागद मात्र एकदाही आला नाही. म्हणून बाई हळदीवर भागवायच्या. हळद आम्लारीत लाल होते, वर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळी.

नववीच्या सुट्टीत पालेगावला मामेबहिणीचं लग्न होतं. नवऱ्याची उष्टी हळद घेऊन त्याच्याकडच्या बायका आल्या. हळद लागली आणि नहाणासाठी विहिरीचं पाणी तिच्या खांद्यावर ओतलं. खाली लाल ओघळ उतरले. पांढऱ्या लुगड्यावर पसरले. गाणं ओळीच्या मध्येच थांबलं.

"आसरा कोपल्या," कुणीतरी पुटपुटलं. विहिरीतल्या त्या सात जणींचं नाव एरवी कुणी घेत नसे.

नवऱ्याची आत्या उठली. "चला गं. ही सोयरीक नको आपल्याला."

बहीण पाटावर तशीच भिजलेली. दात वाजत होते, मे महिन्यात.

"साबण लागलाय!" मी ओरडले. धावत घरातून साबणाची वडी आणि लिंबू आणलं. माझ्या तळहातावरची हळद साबणाने लाल केली, लुगड्यावरचा डाग लिंबाने पिवळा.

आत्याने पिवळा झालेला डाग बोटाने चोळून पाहिला. "आयला, पोरगी मास्तरीण हाय!" म्हणाली आणि खाली बसली. गाणं पुढच्या ओळीवरून सुरू झालं.

कौतुक ओसरल्यावर माझ्या लक्षात आलं: साबण आणायला मला घरात जावं लागलं होतं. नहाणाच्या जागी साबण नव्हताच.

चिमूटभर हळद घेऊन मी विहिरीवर गेले. पोहऱ्यातल्या पाण्यात सोडली. हळद लाल होत तळाशी गेली.

मामाला सांगितलं. त्याने माळावरच्या नव्या कारखान्याच्या भिंतीकडे पाहिलं.

"कुणाला बोललीस?"

"नाही."

"उद्या अक्षता पडू दे, बाय. मग बोल."

मामी मागून आली. "कसली कुजबुज? पाणी पी जरा. होळीपासून आमच्या विहिरीचं पाणी बघ कसं, लोण्यासारखं हाताला लागतं."

मांडवातून आत्याने पाणी मागितलं. मामाने तांब्या माझ्या हातात दिला. माझ्याकडे न बघता.

मी ओतलं. ती एका दमात प्यायली, आणि फुलपात्र पुन्हा पुढे केलं.