जिथे नाव लिहायचं असतं

मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात कुणाचं श्रेय कुणालाही चोरता येत नाही, कारण तिथे सगळंच उघडं असतं. हे वाक्य मी जुन्नर-आंबेगावातल्या बऱ्याच व्यासपीठांवर म्हटलं आहे — खांद्यावर शाल, मांडीवर नारळ. टाळ्या पडतात. त्या वाक्यामागे जे आहे ते मात्र आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, हे एक कारण असावं.

महाळुंगे पडवळला माझा संगणकाचा क्लास आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही तिथे एक ऑपरेटिंग सिस्टिम मराठीत आणली — फुकट मिळणारी, कुणीही उघडून बदलावी अशी. ‘आम्ही’ — किती सोयीचा शब्द आहे, नाही? पडद्यावर दिसणारी काही हजार इंग्रजी वाक्यं एकेक करून मराठीत करायची होती. ती रोहिणीने केली. रोहिणी लोणी गावची, घरी पूर्वी मेंढरं होती, आता शेती. माझ्याकडे शिकायला आली आणि शिकवायला राहिली.

मी शब्दकोशातून ‘आरोहण’ आणि ‘अवरोहण’ काढून दिले. पेन ड्राइव्ह जोडणं आणि काढणं, एवढाच त्यांचा अर्थ. ती म्हणाली, “सर, आमच्या आण्णांना हे वाचून दाखवलं तर ते डोंगर चढायला निघतील.” तिने लिहिलं — ‘जुंपा’ आणि ‘सोडा’. मध्येच थांबलेल्या प्रोग्रामसाठी लिहिलं — ‘अडून बसला आहे’. ज्याने बेल्ह्याच्या बाजारात टेम्पोत चढायला नकार देणारा बैल पाहिलाय, त्याला पुढचं काही समजावावं लागत नाही.

आता मूळ गोष्ट. नाही — आधी एक बारकावा सांगावा लागेल. प्रत्येक प्रोग्रामच्या वाक्यांच्या यादीत शेवटी एक ओळ असते, ‘भाषांतरकारांचे श्रेय’ अशा अर्थाची. तिचं भाषांतर करायचं नसतं. तिच्या जागी ज्याने काम केलं त्याने आपलं नाव लिहायचं असतं. मग ते त्या प्रोग्रामच्या माहितीच्या खिडकीत जगाला दिसतं. हे कुठे ठळक सांगितलेलं नसतं. रोहिणीने त्या ओळीचंही इमानदारीने मराठी केलं. प्रत्येक यादीत. ‘भाषांतरकारांचे श्रेय’ — आणि पुढे कुणीच नाही.

तपासताना ते माझ्या लक्षात आलं. दुपार होती. ती पलीकडच्या टेबलावर बायकांच्या बॅचला टायपिंग शिकवत होती. हाक मारायला किती लागलं असतं? “रोहिणी, इथे तुझं नाव लिही.” पाच शब्द. मी ओळ पुसली आणि माझं नाव लिहिलं. मग दुसऱ्या यादीत. हात बसला की काम भराभर होतं. तेव्हा मनाला काही टोचलं का? खरं सांगू? आडनाव आधी लिहावं की नंतर, याचाच मी विचार करत होतो.

कुणी काय लिहिलं याची नोंद राहते, हे खरं आहे. पण क्लासचं खातं एकच होतं, माझ्या नावाचं. तीही त्यातूनच काम करायची. नोंदी उघडल्या तरी तिथे मीच.

माझ्या सत्काराला तिचे वडील आले होते. “सर, लई भारी झालं. आमच्या पोरीचं नाव कुठं दिसतं त्यात? भावकीला दावतो.”

“आण्णा, हे सगळ्यांचं असतं. यात कुणाचं नाव-बिव नसतं.”

“आसं व्हय? मंग चांगलंय की राव. भांडणच न्हाई!”

आणि ते हसले. मीही हसलो.

पुढे तिने पुण्यातल्या एका भाषांतराच्या कंपनीत अर्ज केला. त्यात हे काम लिहिलं. तिथल्या बाईंनी ती खिडकी उघडली, माझं नाव पाहिलं आणि मला फोन केला — ही म्हणते काम तिचं आहे, खरं का? इथे तरी — इथे तरी बोलता आलं असतं ना? मी म्हणालो, “हुशार मुलगी आहे हो. टायपिंगला मदत केली तिने.” अगदी मायेने म्हणालो. नोकरी हुकलीच, वर खोटारडी ठरली ती.

आठवड्याने ती क्लासची किल्ली द्यायला आली. “सर, त्या शेवटच्या ओळीत नाव लिहायचं असतं, हे तुम्हाला माहीत होतं ना?”

“बघावं लागेल,” मी म्हणालो.

हल्ली ती मंचरला एका दुकानात लोकांचे अर्ज भरून देते. मला मात्र तिचाच आवाज ऐकावा लागतो. पेन ड्राइव्ह काढला की पडदा म्हणतो, ‘सोडला.’ मशीन थांबलं की, ‘अडून बसला आहे.’ मी खोलीत एकटा असतो, आणि ते प्रोग्रामबद्दलच आहे ना, हे बघायला पुन्हा वाचतो.

गेल्या महिन्यात मी एक दुरुस्ती पाठवली — सगळ्या याद्यांतून माझं नाव काढून तिचं. मराठीतल्या दुरुस्त्या वाचून मंजूर करायचं काम एकाच माणसाकडे आहे, आणि तो मी आहे. दुरुस्ती अजून मंजुरीच्या प्रतीक्षेत आहे.