गाडीखालचं पाणी

बाबांच्या जुन्या गाडीखाली पाणी ठिबकतंय, म्हणजे आज एसी चालतोय. मूळ गाडीत तो नव्हताच. अकोल्याच्या उन्हात बाबा काच खाली करून, कोपर बाहेर काढून ती चालवायचे. आता त्यांना माणसं आठवत नाहीत, मी लेक असून मीही नाही. ओळखीची उरली ती ही गाडी. ऊन त्यांना सोसेना, म्हणून मी एसी बसवून घेतला. गॅस टिकत नाही, चढावर इंजिन तापतं, दारांच्या जुन्या रबरांतून गारवा निसटतो. तरी मी भरतेय, बदलतेय. एखादी गोष्ट टिकवायची म्हणून तिच्यात किती बदल करायचे, हे कुणी सांगेल का मला?

शेजारी बसलेल्या बाबांनी बंद काचेवरून हात फिरवला. मग अदबीनं म्हणाले, "ताई, तुमची गाडी छान गार आहे. मला माझ्या गाडीपर्यंत सोडता का?"

मी एसी बंद केला, भराभर काचा खाली केल्या. "बाबा, हीच हो ती! बघा ना!"

झळ आत आली. बाबा कोपर अंगाशी घेऊन, परक्याच्या गाडीत बसावं तसे बसून राहिले.